मेयो

तीस वर्षं मी मेयोत काढली.
वॉर्ड सात, बाळंतिणींचा, बहुतेक रात्रपाळी.
बोर्डावरचं नाव बदलून जमाना झाला,
पण गोळीबार चौकातला ऑटोवाला
अजून विचारतो, मेयो का, बाई?
अन् मी म्हणते, मेयो.

आता उत्पला मेयोत आहे.
म्हणजे तिकडच्या. आयर्लंडात त्या नावाचा जिल्हाच आहे,
कॅसलबार गाव, मोठा दवाखाना, वर सदा ओलं आभाळ.
आमच्या मेयोला ज्या लाटसाहेबाचं नाव होतं
त्याची उमरावकी तिथलीच म्हणे.
मायलेकी एकाच साहेबाच्या नावाखाली
बेडपॅन उचलतो बघ, मी म्हटलं.
ती हसली नाही. नेटवर्क गेलं होतं.

फोन रात्री नऊला. तिच्याकडे साडेचार.
हिवाळ्यात साडेतीन, कारण सरकारच तिकडे
घड्याळाचा काटा तासभर मागं घेतं.
अन् लोक गुपचूप मानतात?
मानतात, आई. तासभर जास्त झोपतात.
इथं तर बावा, सिग्नलचा लाल मानायलाही
मागचा हॉर्न वाजवून राहतो.

ती राहते डर्कनबाईंकडे, वरच्या खोलीत.
घरं मिळतच नाहीत. निम्मा पगार भाड्यात.
तिथली पोरंही तिशीपर्यंत आईबापाजवळ,
नाहीतर ऑस्ट्रेलियात.
डर्कनबाई ऐंशीच्या पुढे. नवरा केव्हाच निघून गेलेला,
पण कागदावरून जायला त्याला एकोणीस वर्षं लागली,
कारण कायदाच नव्हता.
मग देशभर मतदान झालं. काठावर पास.
शेजारणीनं विरुद्ध मत दिलं,
अन् दुसऱ्या दिवशी केक घेऊन आली.

हे मी लष्करीबागेत, ओट्यावर सांगितलं.
गजभियेमामा म्हणाले, नवराबायकोच्या भांडणाचं इलेक्शन?
अन् मंदाकिनी, जिची तारीख
सहाव्या वर्षीही पुढचीच पडते,
लसूण सोलता सोलता म्हणाली,
मग घ्या ना राजेहो, आपल्याही गल्लीत घ्या.
पेटी मी आणते.
मामांनी चपला शोधल्या.

चर्चमध्ये आता म्हाताऱ्याच, पाद्री केरळचा.
डर्कनबाई जात नाहीत. एकदम नाही सोडलं त्यांनी,
आधी पापं सांगणं सोडलं, मग रविवार,
मग फक्त मयतीपुरतं उरलं.
उत्पलानं सांगितलं, माझ्या आजोबांनी
एका सकाळी सोडलं सगळं.
पांढरा सदरा घातला, पायी गेले, नवे होऊन परतले.
एका सकाळी? बाईंनी कप खाली ठेवला.
बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं.
मग विचारलं, अन् शेजारी? तेही बदलले का?

काय सांगू गं त्यांना, आई?
मी म्हटलं, दूध उतू चाललं, ठेवते.

मागच्या महिन्यात बसस्टॉपवर
एक चौदा-पंधराचा पोरगा ओरडला, जा आपल्या घरी.
रात्रपाळी करून घरीच तर चालले होते,
ती म्हणाली. यावेळी ती हसली, मी नाही.
डर्कनबाईंना कळलं. त्यांचा भाऊ सतराव्या वर्षी
इंग्लंडात बोगदे खणायला गेला होता,
बोली ऐकून लोक दार लावायचे.
त्याच्या आजीला ओळखते मी, म्हणाल्या,
कोट चढवला, गेल्या.
काय बोलणं झालं, कोणाला ठाऊक नाही.

आता तीच आजी उत्पलाच्या वॉर्डात. खुब्याचं हाड.
पाठ पुसून दिली तिची.
काही बोलली का?
हवामानाचं बोलली, आई. इथं सुरुवात तिथूनच होते.

वॉर्ड सातमध्ये एक बाई होती, धंतोलीकडची,
माझ्या हातचं पाणी नको म्हणाली.
तिसऱ्या कळेला तिनं माझं मनगट धरलं,
पहाटेपर्यंत सोडलं नाही. नखं उमटली होती.
मुलगी झाली.
जाताना बाई म्हणाली,
तुमचा पंखा फार हळू फिरतो हो.